अर्ध्या तासाचे चॅनल

मी एक जुना स्टुडिओ कॅमेरा आहे. मित्रांनो, तुम्ही खिशातून फोन काढता आणि चटकन फोटो घेता, तसला मी नव्हे. मी चाकांच्या जड पायावर उभा राहणारा, माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच कॅमेरा आहे. माझ्या पाठीतून मनगटाएवढी जाड केबल निघते. माझ्या डोक्यावर एक लाल दिवा होता. तो लागला की समोर बसलेल्याने समजायचे, आता आपण घराघरांत पोहोचलो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझी काच इतकी निगुतीने घासली, की तिच्यावर श्वास पडला तरी ते पुन्हा पुसत. मग मला लाकडी पेटीत भरून जहाजाने पाठवले. पेटी उघडली तेव्हा खारा वारा आला. मागे उघडेबोडके डोंगर होते आणि पुढे समुद्र होता. ते अरबांच्या मुलखातले फुजैरा होते. समुद्रात तेल भरून घ्यायला आलेली जहाजे रांगेने उभी असत. गाव लहान होते आणि त्या लहान गावात एक लहानसे टीव्ही स्टेशन सुरू होत होते. त्याचे खरे नाव आता कुणाच्या लक्षात नाही. कॅफेटेरियात चहा पिणारी माणसे त्याला नुसते 'अपना चॅनल' म्हणत.

स्टेशनचा मॅनेजर सिरिल हा वसईचा. उंच, शांत, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. मला चालवणारा जहूर रत्नागिरीचा. सकाळी आल्याबरोबर तो मऊ फडक्याने माझी काच पुसायचा, मगच स्वतःचा चहा घ्यायचा. आणि माझ्यासमोर बसायची ती कुबरा.

कुबरा श्रीवर्धनची. तिचा नवरा मोईन तेलाच्या टर्मिनलवर कामाला होता आणि मुलगी सफा अजून लहान होती. ती स्टेशनमध्ये आली होती ती रिसेप्शनवर फोन घ्यायला. पण एके दिवशी निवेदक आजारी पडला आणि सिरिलने तिला माझ्यापुढे बसवले. ती घाबरली होती. पण लाल दिवा लागला आणि ती अशी बोलू लागली, जणू दारात उभी राहून शेजारणीशी बोलते आहे. त्या दिवसापासून ती खुर्ची तिचीच झाली.

तिच्या कार्यक्रमाचे नाव होते 'साहिल की बात', म्हणजे किनाऱ्याची गोष्ट. भाषा हिंदी, कारण कोकणातला, केरळातला, पेशावरचा आणि चितगावचा माणूस तिथे एकमेकांशी हिंदीतच बोलायचा. कुबरा सांगायची, उद्या समुद्र कसा आहे, डोंगरातला कोणता रस्ता दरड पडून बंद आहे, कुणाचा पासपोर्ट सापडला आहे. आणि शेवटी ती नेहमी सांगायची, हॉस्पिटलमध्ये कोण एकटा पडला आहे. "उसका यहाँ कोई नहीं है. जिसको टाइम है, मिलके आना, हाँ?" एवढेच म्हणायची. दुसऱ्या दिवशी त्या अनोळखी माणसाच्या खाटेभोवती गर्दी व्हायची.

कार्यक्रम सुरू होण्याआधी ती डोक्यावरची ओढणी नीट करायची आणि विचारायची, "जहूरभाई, बरी दिसते का मी?"

जहूर माझ्याआडून म्हणायचा, "आपा, कॅमेरा खोटं बोलत नाही, म्हणून मी गप्प आहे."

ती हसायची. त्या हसऱ्या चेहऱ्यावरच लाल दिवा लागायचा.

सुरुवातीला सगळी संध्याकाळ आमची होती. पण मित्रांनो, रोजची सगळी संध्याकाळ भरून काढणे लहान स्टेशनला झेपत नाही. म्हणून सिरिलने एका मोठ्या नेटवर्कशी करार केला. नेटवर्क म्हणजे दूरच्या शहरातले मोठे चॅनल. त्यांच्याकडे मालिका, सिनेमे आणि क्रिकेटचे सामने. ते आम्ही आमच्या टॉवरवरून दाखवायचे आणि ते चालू असताना मध्ये आपले काही घुसवायचे नाही, अशी अट. आधी नेटवर्कने दोन मालिकांपुरती जागा मागितली. मग सिनेमाची मागितली. मग दुपार मागितली.

"उंटाने तंबूत नाक घातलंय, सर," जहूर एकदा म्हणाला.

"यार जहूर, उंट आहे म्हणून तंबू उभा आहे," सिरिलने उत्तर दिले.

दोघांचेही खरे होते. शेवटी आमच्या वाट्याला संध्याकाळचा अर्धा तास उरला. तो कुबराचा अर्धा तास. बाकी वेळ माझा दिवा बंद असायचा.

मग तो शुक्रवार आला. सुट्टीचा दिवस होता आणि भारत-पाकिस्तान सामना चालू होता. बंदरावरच्या प्रत्येक खोलीत, प्रत्येक कॅफेटेरियात आमचे चॅनल लावलेले होते. समुद्रात दूरवर वादळ आहे, हे सर्वांना ठाऊक होते. ते वळून निघून जाईल, असेही सगळे म्हणत होते. पण दुपारी वारा फिरला. कोळ्यांच्या बोटी जिथे बांधतात, त्या बाजूला पाणी रस्त्यावर चढू लागले.

कुबरा पळतच स्टुडिओत आली. तिच्या चपला हातात होत्या.

"सर, खाडीकडच्या खोल्यांत पाणी शिरतंय. पोलीस लाउडस्पीकरवर सांगतायत, पण वाऱ्यात काय ऐकू येणार? आणि आत सगळे मॅच बघत बसलेत!"

काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये सिरिल फोन कानाला लावून उभा होता. तो नेटवर्कच्या ऑफिसशी बोलत होता. त्याने फोनवर हात ठेवला. "ते म्हणतात, इनिंग संपू दे. मग पडद्याखाली पट्टी चालवू म्हणतात."

"पट्टी वाचणार कोण? अर्ध्यांना वाचता येत नाही."

"कुबरा, मॅचमध्ये कट मारला तर कॉन्ट्रॅक्ट..."

"तुम्ही फोनवर राहा, सर. मी खुर्चीवर बसते."

ती येऊन बसली. केस ओले, ओढणी ओली. आज तिने विचारले नाही, बरी दिसते का मी. जहूरने माझा चेहरा तिच्याकडे वळवला. काचेपलीकडे, प्रक्षेपण बदलायच्या बटणाशी लुसी बसली होती, मुंबईची इंजिनियर. तिचे बोट बटणावर होते आणि डोळे सिरिलवर.

"सर, दाबू?"

मला काचेतून सिरिल दिसत होता. त्याने फोन खाली ठेवला. "दाब," तो म्हणाला. "चल, यल्ला, दाब."

माझा लाल दिवा लागला. ऐन रंगात आलेला सामना नाहीसा झाला आणि गावभर पडद्यांवर कुबरा आली.

"भाई लोग, गाली बाद में देना," ती म्हणाली. "पहले दरवाज़ा खोलके बाहर देखो. पानी आ रहा है. सामान छोड़ो, पासपोर्ट लो, और ऊपर स्कूल की तरफ चलो. अभी."

मग ती थांबली नाही. कोणता रस्ता उघडा, कोणती शाळा उघडी, कोणत्या पुलावर जाऊ नका. फोन येत गेले, ती सांगत गेली. मधेच स्टेशनची वीज गेली, जनरेटर लागला, ती बोलतच राहिली. एकदाच तिचा आवाज अडखळला. मोईन त्या दिवशी टर्मिनलवर ड्यूटीला होता आणि टर्मिनलचा फोन लागत नव्हता. तिने पाण्याचा घोट घेतला आणि पुढचा रस्ता सांगितला. मोईनचे नाव तिने काढले नाही.

पाणी खोल्यांच्या खिडक्यांपर्यंत चढले. पण खोल्यांत तेव्हा कुणी नव्हते. मोईनही सुखरूप आला, चिखलाने माखलेला. तिने त्याला स्टुडिओच्या दारातच पाहिले आणि पहिल्यांदा रडली.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. लोक स्टेशनवर मिठाई घेऊन येत, खजूर घेऊन येत. मुरुडकडचा किसन नावाचा कोळी एका अरबी मालकाच्या बोटीवर खलाशी होता. तो भलीमोठी सुरमई खांद्यावर टाकून आला. वॉचमन त्याला आत सोडेना.

"अरे, बाईला दे म्हणून सांग," किसन ओरडत होता. "माझी खोली बुडाली, पण मी नाय बुडालो, म्हणून सांग तिला!"

कुबरा स्वतः बाहेर गेली. "किसनदादा, एवढी मोठी? घरी आम्ही तिघंच."

"मग शेजाऱ्यांना वाट. त्यांना पण तू वाचवलंस."

पण मित्रांनो, कौतुक काही करारात लिहिलेले नसते. थोड्याच दिवसांनी नेटवर्कची माणसे आली. ती आरडाओरड करणारी नव्हती. त्यांनी वादळाबद्दल दुःख व्यक्त केले, कुबराशी हस्तांदोलन केले आणि सिरिलबरोबर दार लावून बसली. करार संपत आला होता. नवा करार हवा असेल, तर चॅनल सगळ्या वेळांसह आमच्या हाती द्या, असे त्यांचे म्हणणे होते.

ती माणसे गेल्यावर सिरिल स्टुडिओत आला. कुबरा संध्याकाळची तयारी करत होती. तिथे आणखी कुणी नव्हते, मी सोडून.

"कुबरा, साईन केलं मी."

"आणि हाफ अवर?"

"खलास."

तिने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "त्या दिवशी बटण दाबायला सांगितलंत, तेव्हा कुणाला विचारलं नव्हतंत."

"त्या दिवशी पाणी दिसत होतं."

"आणि आज?"

"आज जहूर दिसतोय. लुसी दिसतेय. वॉचमनपासून सगळे दिसतायत. नेटवर्क गेलं तर स्टेशन बंद. स्टेशन बंद तर सगळ्यांचे व्हिसा कॅन्सल. काय करू मी, तू सांग." तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "तुझा जॉब आहे इथे. प्रोमोला व्हॉइस देशील. मी बोललोय त्यांच्याशी."

"पाणी परत येईल, सर," कुबरा म्हणाली. "तेव्हा कोण बोलेल?"

तिने टेबलावरची आपली पाण्याची बाटली उचलली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती निघून गेली. पुढे ती एका शाळेच्या ऑफिसात कामाला लागली. स्टेशनच्या फाटकात तिने पाऊल टाकले नाही. सिरिलही तिच्या घरी गेला नाही. एवढ्याशा गावात दोघे एकमेकांना टाळून राहिले.

माझ्यावर कापडी आवरण चढले. जहूर आठवड्यातून एकदा येऊन ते काढायचा, काच पुसायचा, थोडा वेळ मला चालू ठेवायचा. म्हणायचा, "अंग आखडेल तुझं." मग नेटवर्कने कळवले की कॅमेरामनची आता गरज नाही. ज्या नोकऱ्यांसाठी सिरिलने सही केली होती, त्यातली पहिली ही गेली. जाण्याच्या दिवशी जहूरने माझे आवरण चारही बाजूंनी नीट खोचले, जसे निजलेल्या पोराचे पांघरूण खोचतात, आणि तो रत्नागिरीला गेला.

त्यानंतर कुणी आले नाही. वीज वाचावी म्हणून स्टुडिओचा एसी बंद झाला. फुजैराची दमट, खारी हवा हळूहळू आवरणाखाली शिरली. जी काच श्वासापासूनही जपली होती, तिच्यावर बुरशीची जाळी धरू लागली.

मित्रांनो, मी फक्त बघतो. बघितलेले साठवणे हे टेपचे काम. कुबराच्या सगळ्या टेप शेजारच्या खोलीत होत्या. नव्या टेप मागवायच्या नाहीत, जुन्याच वापरा, असा हुकूम निघाला. मग त्या टेपांवर एकेक करून नेटवर्कच्या जाहिराती भरल्या गेल्या. वादळाच्या दिवसाची टेपही त्यातच गेली. ती कुणी मुद्दाम पुसली नाही. ती कुणी वाचवलीही नाही.

आणि पाणी परत आले. या वेळी समुद्रातून नाही, डोंगरातून आले. एका दुपारी वरच्या वाद्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नद्या, अचानक भरून वाहू लागल्या. आमच्या चॅनलवर सिनेमा चालू होता. स्टेशनचे फोन वाजत होते. लुसी प्रत्येकाला सांगत होती, "सॉरी, हमारे पास से कुछ नहीं होता. सब उधर से आता है." तोवर सगळ्यांकडे मोबाइल आले होते. त्यावर आवाजी निरोप फिरत होते, एक खरा तर चार खोटे. कुणीतरी पाठवले, बंदरावरच्या बोटी सुटून चालल्या आहेत. किसनने ते ऐकले आणि बोट बांधायला तो निघाला. बोटी जागच्या जागी होत्या. वाटेतला ओढा मात्र दुथडी भरून वाहत होता. किसन त्यातून परतला नाही.

कुबरा बोलली असती तर तो थांबला असता का? मला ठाऊक नाही. पण त्याने ऐकले असते, एवढे मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सिरिल स्टुडिओत आला. त्याने दिवा लावला नाही. माझे आवरण काढले आणि कुबराच्या रिकाम्या खुर्चीसमोर तो उभा राहिला. त्याचे केस पांढरे झाले होते, हे दारातून आलेल्या उजेडात मी तेव्हा पाहिले. मग तो गेला. आवरण तसेच खाली पडून राहिले.

शेवटी नेटवर्कही गेले. त्यांचे कार्यक्रम आता थेट उपग्रहावरून आणि फोनवरून लोकांपर्यंत पोहोचत होते. आमच्या टॉवरची त्यांना गरज उरली नाही. त्यांनी सभ्यपणे आभार मानले आणि करार संपवला. ज्यांच्यासाठी आम्ही आमचा अर्धा तास दिला, ते आमची सगळी संध्याकाळ रिकामी करून निघून गेले.

नेटवर्कचे प्रक्षेपण गुरुवारी थांबले. स्टेशनचा परवाना मात्र शुक्रवार संध्याकाळपर्यंत होता. म्हणजे एक अख्खा दिवस टॉवर आमचा होता आणि दाखवायला काहीच नव्हते. सिरिलने कुबराला फोन केला. मी त्याच्या बाजूचेच बोलणे ऐकले. "कुबरा, मी सिरिल... हो. चॅनल मोकळं आहे. कुणाची परमिशन नको... नाही, मला काही सांगायचं नाहीये. तू ये फक्त."

ती आली. सोबत तिची मुलगी सफा होती, आता मोठी, दूरच्या शहरात अल रीम आयलंडवर नोकरी करणारी. आईला गाडीतून तीच घेऊन आली होती.

"मम्मा, हू विल इव्हन वॉच धिस?" सफा हळूच म्हणाली.

"माहीत नाही गं," कुबरा म्हणाली. ती सिरिलसमोर उभी राहिली.

"कुबरा, किसन..." सिरिल म्हणाला आणि थांबला.

"त्याचं नाव घेऊ नका आत्ता," ती म्हणाली. "मला रडत बसायचं नाही. कॅमेरा लावा."

सिरिलने स्वतः मला खुर्चीकडे वळवले. चाके कुरकुरली. माझ्या अंगात वीज आली, तेव्हा मला काय वाटले ते कसे सांगू! मी पूर्ण जोर लावून बघितले. पण मला कुबरा दिसली नाही. दिसले फक्त धुके. लुसीने फडके आणले, सिरिलने काच पुसली, पुन्हा पुसली. बुरशी आतल्या बाजूला होती. पडद्यावर एक करडा डाग हलत होता आणि तो डाग म्हणजे कुबरा होती.

"सॉरी," सिरिल म्हणाला. "मी एवढं तरी जपायला हवं होतं."

"माईक चालतो ना?" कुबराने विचारले. "मग राहू दे."

ती बोलली. करड्या पडद्यावर नुसता तिचा आवाज. समुद्र शांत आहे म्हणाली. डोंगरातले रस्ते उघडे आहेत म्हणाली. मग किसनबद्दल बोलली, तो कुठला होता, सुरमई कशी घेऊन आला होता. आवाज तसाच होता, दारातून शेजारणीशी बोलणारा. थोडा जुना झालेला.

फोन वाजला. सिरिल दचकला. लुसीने धावत जाऊन तो स्टुडिओत जोडला. एका पुरुषाचा आवाज आला.

"हॅलो, मॅडम? आज सीरियल नहीं आएगा क्या?"

सफाने ओठ चावला. सिरिलने मान खाली घातली. कुबरा मात्र हसली. जहूर असतानासारखी हसली.

"नहीं भाई," ती म्हणाली. "आज हम हैं."

"आप कौन?"

या किनाऱ्यावर एके काळी तिला नाव सांगावे लागत नव्हते.

"इधर के ही हैं," ती म्हणाली. "आपके पड़ोस के."

"अच्छा," तो म्हणाला. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. तो ऐकत राहिला की रिसीव्हर तसाच टाकून निघून गेला, ते आम्हाला कधी कळले नाही. कुबरा मात्र संध्याकाळपर्यंत त्या एका माणसाशी बोलत राहिली. मग लुसीने टॉवर बंद केला.

सिरिल वसईला परतला. निघण्याआधी तो कुबराच्या घरी जेवून गेला, असे लुसीने वॉचमनला सांगताना मी ऐकले. मला ट्रकमध्ये घालून उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात भंगारवाल्याकडे नेले. तिथून एका कॉफी शॉपवाल्याने शोभेसाठी उचलले. आता मी त्याच्या कोपऱ्यात उभा असतो. मुले येतात, "वॉव, सो ओल्ड!" म्हणतात, माझ्याबरोबर फोटो काढतात. माझी तक्रार नाही. मुले मला आवडतात. पण माझ्यातून कुणी बघत नाही.

मित्रांनो, तुम्ही जिथे राहता तिथेही कुणीतरी असेल, जो तुमच्या बोलीत तुमच्या गल्लीची खबर देतो. एखादी बाई असेल, एखादे छोटे वर्तमानपत्र असेल, मशिदीच्या किंवा चर्चच्या दारातला एखादा फळा असेल. त्याला गरजेपुरता बाजूला ठेवू, वेळ आली की काढू, असे म्हणू नका. रोज वापरा, रोज ऐका, रोज पुसा. मलाही आवरण घातले होते, आणि तेही फार काळजीने खोचलेले होते. पण झाकून ठेवले म्हणजे जपले, असे होत नाही.